कौल कोणी बघितला?

भाई आमच्या आंगणात आला नाही. रस्त्यावर गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि कुंपणापलीकडून हाक मारली. आत माझा घोव खाटेवर पडलेला. म्हापशाहून डायलिसिस करून आणलं त्याला तासही झाला नव्हता. गावातला माणूस, आजारी माणूस. दोन पावलं आत येऊन कसा आहेस रे विचारलं असतं तर काय झिजलं असतं याचं? भाई आमच्या गावच्या देवळाचा अध्यक्ष. वयानं माझ्या घोवाहून लहान. तरी आम्ही त्याला भाई म्हणायचं आणि त्यानं आम्हाला अरे-तुरे करायचं.

"बापूस पडलो म्हणान देवीचो ढोल बंद पडाक जायना," तो म्हणाला. "झिलाक धाड."

मी म्हटलं, भाई, त्याची दहावी आहे. रोमटाच्या दुसऱ्याच दिवशी गणिताचा पेपर आहे. रोमट म्हणजे शिगम्याला ढोल-ताशे घेऊन पहाटेपर्यंत दारोदार फिरायचं. पोरगा सकाळी पेपराला कसा बसणार?

"परीक्षा परत दिवंक मेळटा. आणि शिकान तो खंय कलेक्टर जातलो?"

हसला आणि गेला. माझा साईश जनेलाचे गज धरून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. मी त्याला अभ्यासाला बस म्हटलं. तो बसला, पण त्या दिवशी त्यानं पान उलटलेलं मी बघितलं नाही.

आमचं घर देवळाच्या मागल्या वाड्यावर, म्हणजे आमच्या लोकांच्या वस्तीत. देवीचा ढोल आमच्या घराकडे. सासऱ्यांनी वाजवला, त्यांच्या बापानं वाजवला, मग माझ्या घोवानं. गाव म्हणतो, हा तुमचा मान. कसला डोंबलाचा मान! ढोलवाला पायरीखाली. पालखी वर, मानकरी वर, मोबाइलवर फोटो काढणारे पाहुणेसुद्धा वर. प्रसाद देतात तो वरून ओंजळीत टाकतात, बोटाला बोट लागू नये म्हणून. देऊळ सगळ्यांना खुलं आहे, तसा कायदा आहे, हे मलाही ठाऊक आहे. आम्हाला कोणी अडवत नाही. आमच्यातलं कोणी चढतच नाही, मग अडवायचं कोणाला? मीसुद्धा लग्न होऊन आल्यापासून देवळाचं आंगण झाडत आले ते पायरीपर्यंतच.

घोव पूर्वी डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचे. खाण बंद पडली, ट्रक गेला, मग मिळेल ते काम करत राहिले. पुढं पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा म्हापशाला. मी भाईच्याच काजूच्या बागेत कामाला. सकाळी काजू वेचायचे, बोंडं पिळून बिया वेगळ्या करायच्या, तसल्याच चिकट हातांनी घरी येऊन ह्यांना बसमध्ये चढवायचं. शाळा नसली की साईश बरोबर यायचा. हॉस्पिटलच्या बाकावर बसून वाचायचा. धाकटी सातवीला. तिचीही परीक्षा जवळ आलेली. ती शेजारणीकडे राहायची.

मी काही शिकलेली नाही. वाचता येतं, पण दहावीचं पुस्तक कळत नाही. तरी मी एक करायचे. पुस्तक हातात धरायचं, धड्याखालचा प्रश्न वाचायचा आणि साईशनं उत्तर द्यायचं. बरोबर की चूक ते मला कुठं कळतंय? पण तो अडखळला की मला कळायचं. मग म्हणायचे, परत सांग. खाटेवरून हे ऐकत असायचे. पाणी मोजून प्यायचं, मीठ बंद, अंगात त्राण नाही. पण मुलगा घडाघडा बोलला की तोंडावर जरा बरं दिसायचं. आमच्या घरात तेवढंच एक चांगलं चाललं होतं.

परीक्षा तोंडावर आली आणि ह्यांचा रक्तदाब एकदम खाली गेला. बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. काचेपलीकडे नळ्या लावलेला माणूस बघून माझं डोकं चालेना. शेजारीण म्हणाली, एकदा देवीकडे कौल लावून बघ गो. मी गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तसं झालं.

कौल म्हणजे काय, तर पुजारी देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो. प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हे सगळं आत, गाभाऱ्यात. मी बाहेर, पायरीखाली. तिथून देवी दिसतसुद्धा नाही. प्रश्नही मी विचारला नाही. भाई दारात उभा राहिला, माझ्या वतीनं त्यानंच विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, देवी रागावलेली आहे, घराण्याची सेवा मोडली तर तुझा घोव उठणार नाही.

मी तिथंच जमिनीला डोकं टेकलं. काय करणार? माणूस तिकडे मरायला टेकलेला.

घरी येऊन मी शेजारणीला सांगत होते, ते साईशनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी गणिताची वही बाजूला पडली. त्यानं माळ्यावरून ढोल काढला. मी गप्प बसले. होय, गप्प बसले. आईचा जीव म्हणतात तो अशा वेळी दोन्हीकडून पिळला जातो.

ह्यांना घरी सोडलं. येतात तर पोरगा ढोल वाजवतोय. हे खाटेच्या कडेवर बोटांनी ठेका धरून त्याला शिकवायला लागले. इथं हात सोड, इथं दाब. कितीतरी दिवसांनी हसले. मग आपणहून सांगू लागले. त्यांचे वडील आजारी पडले तेव्हा हेही दहावीलाच होते. भाईच्या बापानं असंच बोलावलं. हे गेले. पेपर राहिला. पुढल्या वर्षी शाळेत गेलेच नाहीत. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. अभिमानानं सांगितलं, की घराण्याचा ढोल मी पडू दिला नाही. मी चुलीपाशी उभी होते. बापाचं शिक्षण ढोलात गेलं, आता मुलाचं चाललंय, आणि बाप खाटेवर बसून कौतुक करतोय.

शिगम्याच्या आधी देवळाचं आंगण झाडायला मी गेले. मांडवात सगळे मानकरी जमलेले. रोमट कुठून कसं जाणार ते भाई सांगत होता. मी केरसुणी घेऊन खाली वाकलेली. केर काढणाऱ्या बाईसमोर कोण आवाज कमी करतं?

"आमच्या दारात ह्या वर्सा ढोल वाजवूं नकात," भाई म्हणाला. "चेडवाची परीक्षा आसा. कौल घेतला मी. देवीन उजवी दिली."

भाईची मुलगी माझ्या साईशच्याच वर्गात. तोच पेपर. तोच दिवस. तीच देवी. तिची झोप मोडू नये म्हणून देवीनं रोमट वळवलं. आणि माझ्या मुलानं रात्रभर ढोल बडवावा म्हणून तिला राग आला. वा रे देवी!

मी केरसुणी टाकली. मांडवाकडे वळून उभी राहिले.

"भाई, माझ्या झिलाचो कौल परत लावा. माझ्या डोळ्यांसमोर."

पुजाऱ्यानं मान खाली घातली. भाई दोन पायऱ्या उतरला आणि पायरीखाली बोट दाखवून म्हणाला, "तुका कौल दाखवचो? तू थंयच रव."

तेव्हा मला उमगलं. आमच्या चार पिढ्यांत एकानंही ती पाकळी पडताना बघितलेली नाही. उजवी पडली का डावी, पडली तरी का, हे आम्हाला नेहमी ह्या वरच्या लोकांच्याच तोंडून कळलं. आणि त्यावर आम्ही पोरांच्या शाळा सोडल्या.

"मग ह्या वर्सा आमच्या घरचो ढोल वाजचो ना," मी म्हटलं आणि घरी आले.

साईशच्या हातातल्या काठ्या काढून घेतल्या. पुस्तक दिलं. घोव खवळले. घराण्याला बट्टा लावलास, मला मारायला निघालीस, काय काय बोलले. मग भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर औषध दे, पाणी दे, ह्यापलीकडे ते माझ्याशी बोलले नाहीत. मला तेच लागलं. भाईचं काय, तो परका. भाईनं काजूच्या कामावरून काढलं, निरोप पाठवला की उद्यापासून येऊ नको. शेजारीणही धाकटीला सांभाळायला नको म्हणाली. तिचाही नवरा देवळात असतो.

रोमट निघालं. शेजारच्या गावातून ढोलवाले आणले. ढोल वाजलाच. देवीचं काही अडलं नाही. भाईच्या दारासमोरून मात्र गुपचूप गेले.

साईशनं गणिताचा पेपर दिला. शेवटचा पेपर राहिला होता, तेव्हा हे गेले. डायलिसिसच्या खुर्चीतच छाती भरून आली, डॉक्टर धावले, पण हाताला लागले नाहीत. माझ्याशी धड एक शब्द न बोलता गेले. खांदा द्यायला माझे भाऊ आले, दोन चुलत दीर आले. बाकी वाडा दारं लावून आत. आणि दारांआडून एकच चाललेलं. देवीन न्हेलो. सेवा मोडली, देवीन न्हेलो.

अग्नी साईशनं दिला. सुतकात त्यानं उंबरा ओलांडायचा नाही, असं दिरांनी बजावलं. मी म्हटलं, ओलांडेल. शेवटच्या पेपराच्या सकाळी मी त्याला घेऊन बसमध्ये चढले. मुंडन केलेलं डोकं, अंगात शाळेचा शर्ट. बसमधल्या बायका बघून कुजबुजल्या. कुजबुजू देत. पेडण्यात उतरून केंद्राच्या फाटकाशी आलो. तिथं तो थांबला. आत जाईना. म्हटलं पेपराची भीती वाटत असेल. तो माझ्याकडे न बघता म्हणाला,

"आई, मी ढोल वाजयलो असतो तर बाबा जगले असते?"

सोळा वर्षांचं पोर. कधीपासून हे मनात घेऊन हिंडत होतं कोण जाणे. मी त्याचे दोन्ही खांदे धरले. म्हटलं, बाबांच्या किडन्या गेल्या होत्या रे, दुसरं काही नाही. त्यानं मान हलवली आणि आत गेला. पण त्याला पटलं नव्हतं. आईला कळतं.

गणितात तो नापास झाला. बाकी सगळ्यांत सुटला. भाईच्या मुलीचा फोटो देवळाच्या फाटकावर लागला, हार्दिक अभिनंदन. पुरवणी परीक्षेसाठी साईश परत बसला आहे, मी समोर पुस्तक धरून प्रश्न विचारते आहे. सध्या लोकांच्या घरी भांडी घासते, त्यावर आमचं चालतं.

परवा भाईचा माणूस आला होता. म्हणाला, देवीपुढं नारळ ठेव, चुकलं म्हण, मुलगा पुढल्या शिगम्याला उभा राहिला की सगळं पूर्ववत. काजूचं कामही परत मिळेल.

मी त्याला सांगितलं ते इथंही सांगते. नारळ ठेवणार नाही. चुकलं म्हणणार नाही. माझी मुलं देवीच्या आंगणातली काडीही उचलणार नाहीत, आणि वाड्यावर ज्याला ऐकायचं असेल त्या प्रत्येकाला मी विचारणार आहे, तुमचा कौल तुम्ही डोळ्यांनी बघितलात का? घोव गेले, ते दुखणं मी सोसेन. पण बापाला तू मारलंस, हे त्या पोराच्या डोक्यात ज्यांनी घातलं, त्यांना मी जिवंत असेपर्यंत माफ करणार नाही. आणि हे त्यांनी देवीच्या संमतीनं केलं असेल, तर तिलाही नाही.