ईश्वरदासचा आवाज आणि न समजणारी तारा

आमगाव तालुक्यात ईश्वरदासला चेहऱ्याने ओळखणारे थोडे, आवाजाने ओळखणारे फार. बावीस वर्षं आमची जोडी आहे. मी, भैय्यालाल, पुढे बसून ऑटो हाकतो आणि तो मागे माईक घेऊन बसतो. वर दोन भोंगे. कुठे दंडार, म्हणजे आमच्याकडचं रात्रीचं लोकनाट्य, आहे, कुठे डोळ्यांचा कॅम्प आहे, रेशन आलं, कुणाची म्हैस दावं तोडून गेली, सगळं गावोगाव पुकारायचं काम त्याचं. मला कुणी विचारत नाही, पण ऑटो माझा होता हे सांगून ठेवतो.

त्याची पुकारायची एक पद्धत होती. वाक्याचे तीन तुकडे करायचे. एका तुकड्याला एक श्वास, आणि तुकड्याचं शेवटचं अक्षर लांबवायचं. "उद्या संध्याकाळीऽऽ, बाजारचौकातऽऽ, दंडार आहे होऽऽ." दूरच्या धानाच्या बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बाईलासुद्धा ते ऐकू जायचं. लोक घरात बोलतात तसं घाईने माईकवर बोललं की भोंग्यातून नुसता खळखळाट निघतो, असं तो म्हणे. मी एकदा हौसेने माईक घेतला होता. दुसऱ्या दिवशी अर्धं गाव चुकीच्या चौकात जमलं. तेव्हापासून मी हँडलच धरतो.

मागच्या मार्चमध्ये तो सकाळी आंघोळीला बसला तो उठलाच नाही. उजवी बाजू गेली. गोंदियाच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढले. हात बराचसा परत आला, पाय काठी घेऊन परत आला, जीभ मात्र जड राहिली. तोंडातून निघे ते शब्द नव्हे, भिजल्या कागदासारखं काहीतरी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जीभ येईल, पण ह्यांना बोलायला लावा, रोज बोलायला लावा. व्यायामाचा एक कागदही दिला होता. त्याच्या बायकोने, रुख्मा वहिनीने, तो देवाजवळ नीट घडी घालून ठेवला. तिथे तो इतका सुरक्षित राहिला की चार महिने कुणी उघडला नाही.

आणि आम्ही काय केलं? आम्ही सगळे मोठे समजूतदार झालो. आमच्याकडे आजारी माणसाला बोलायला लावणं म्हणजे त्याला छळणं. त्याने "पा" म्हटलं की वहिनी पाणी घेऊन हजर. त्याने "भै" म्हटलं की मी "आलो ना भाऊ, सांग, ऑटो कसा चालून राहिला हेच ना?" असं म्हणून प्रश्नही मीच विचारायचो आणि उत्तरही मीच द्यायचो. वर घरी येऊन बायकोला सांगायचो, त्याचं बोलणं फक्त मलाच कळतं बघ. जून लागेपर्यंत त्याने "पा" म्हणणंही सोडलं. भुवई उचलली की काम होत होतं.

त्याला एकच गोष्ट हवी होती. दिवाळी झाली की आमच्या गावची मंडई भरते. चार गावचे पाहुणे येतात, दुकानं लागतात, दंडार होते. त्या मंडईचा पुकारा बावीस वर्षं त्याने केला होता आणि ह्या वर्षीही त्यालाच करायचा होता. माझा ऑटो दारात लागला की तो काठी टेकत यायचा, मागच्या सीटवरचा माईक उचलून छातीशी धरायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा. मी आपला "होईल, होईल" म्हणायचो. मनात मला खात्री नव्हती, हे आज कबूल करतो.

मंडईचं सगळं बघतो तो केवळराम. तो एकदा ईश्वरदासच्याच अंगणात बसून मला म्हणाला, "ह्या वर्षी मोबाइलमधूनच पुकारा लावू. टाईप केलं का बाईच्या आवाजात बोलते. पेन ड्राइव्हवर भरून देतो." ईश्वरदास समोर बसला होता. जीभ गेली म्हणजे कानही गेले, असं ह्याला वाटलं की काय कोण जाणे. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "केवळराम, चहा पी आणि निघ." तो निघाला, पण पेन ड्राइव्हचं बोलणं घरातच राहिलं.

जुलैत रोवणी आली. वहिनीला बांधीत जाणं भाग होतं आणि ह्याला पाच-सहा तास एकट्याला ठेवायचं कसं, हा प्रश्न पडला. त्यांची मुलगी दीप्ती नागपूरला नोकरी करते. ती एक बोलणारा डबा घेऊन आली. लोट्याएवढा, गोल, वर निळी गोल रेघ चमकते. वाय-फाय बसवलं, एक खास दिवा लावला, टेबलफॅनच्या प्लगला एक ठोकळा लावला. डब्याला "तारा" म्हणून हाक मारायची आणि काम सांगायचं. मराठीत सांगितलेलं तिच्या पचनी पडेना म्हणून हिंदी ठेवली. गोंदिया जिल्ह्यात हिंदीचं कुणाला वावडं नाही.

खरं सांगतो, वहिनीसाठी तारा लाखाची निघाली. हात पिठात असले तरी "तारा, पंखा चला दो" म्हटलं की पंखा फिरे. "तारा, दीप्ती को फोन लगाओ" म्हटलं की दीप्ती घरात बोलू लागे. दुपारच्या गोळीची आठवण एक दिवस चुकली नाही, आणि हे मी ज्या घराचं सांगतो आहे तिथे त्याआधी गोळी आठवड्यातून तीनदा चुकत होती. तिचे दोषही दोन दिवसांत कळले. लाइट गेली की ती मुकी. टीव्हीवरच्या मालिकेत कुणी ताराला हाक मारली की ही इकडे "जी, बताइए" म्हणून उठायची. आणि दिवसभर कान उघडे, म्हणून दीप्तीने आईला कान बंद करायचं बटण दाखवून ठेवलं. शेजारच्या मंदाबाई गप्पांना आल्या की वहिनी आधी ते बटण दाबते. त्या गप्पा मी ऐकल्या आहेत, बटण दाबते तेच बरं आहे.

पण डबा ज्याच्यासाठी आणला, त्याचं काय? पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर दीप्ती म्हणाली, "बाबा, आता तुम्ही सांगा." ईश्वरदासने जीव एकवटून काहीतरी म्हटलं. तारा उठलीच नाही. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा ती उठली आणि म्हणाली, "माफ़ कीजिए, मैं समझी नहीं." चार महिन्यांत त्याला असं तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढून डब्यावर टाकला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

मला असा राग आला की विचारू नका. दीप्ती नागपूरला पोचते न पोचते तोच मी फोन केला. म्हटलं, "पोरी, बापाची इज्जत काढाले आणला का हा डबा? घेऊन जा परत." ती शांतपणे म्हणाली, "काका, रोवणी होईपर्यंत राहू द्या." मी फोन आपटला. तो माझाच होता म्हणून हळू आपटला.

चार-पाच दिवसांनी वहिनी बांधीत होती आणि मी दुपारी त्याची खबर घ्यायला गेलो. दाराशी आलो तर आतून आवाज. तो एकटाच होता. ताराला हाक मारत होता आणि ती "मैं समझी नहीं" म्हणत होती. उकाडा मी म्हणत होता. मी चप्पल काढली, म्हटलं आत जाऊन पंख्याचं बटण दाबून देतो, दोन सेकंदांचं काम. मग माझ्या लक्षात आलं की हा माणूस इतक्या वेळा बोलला आहे, जितका चार महिन्यांत मिळून बोलला नाही. मी दारातच उभा राहिलो.

तो आधी घरातल्यासारखं घाईने बोलत होता. शब्द एकात एक अडकत होते. मग त्याला राग आला असावा. त्याने श्वास भरला आणि पुकारा केला. "ताराऽऽ, पंखाऽऽ, चला दोऽऽ." तोच जुना माईकवरचा ताल, फक्त आवाज खरखरीत. पहिल्यांदा दोन तुकड्यांच्या मध्ये तो थोडा जास्त थांबला आणि तारा कान मिटून गेली. ती थांबत नाही, हा तिचा मोठा दुर्गुण. त्याने श्वास छोटा केला आणि पुन्हा म्हटलं. पंखा फिरला.

मी आत गेलो. तो माझ्याकडे बघून बोलायला लागला आणि सवयीने माझ्या तोंडात त्याचं वाक्य तयार झालं होतं, पण ह्या वेळी मी दात आवळून गप्प बसलो. एक अख्खा चहा पिऊन होईल इतका वेळ लागला त्याला. "तुमाले... समजते... म्हणून मी... बोलत नाही. तिले... समजत नाही... म्हणून बोलतो."

मला फार लागलं ते. चार महिने आम्ही प्रेमाने त्याची जीभ बांधून ठेवली होती.

आता हे रुख्मा वहिनीला सांगणं आलं. ती भडकली. "मी का मशीन आहो? मले समजते, तर नाही समजत असं कायले म्हणू?" दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिथेच बसलो होतो. तिने ह्याच्यासमोर चहा ठेवला. त्याने कपाकडे बोट दाखवून भुवई उचलली. ती म्हणाली, "मले समजलं नाही. बोलून सांगा." आणि चुलीकडे तोंड फिरवून पदराने डोळे पुसू लागली. तो घाम येईस्तोवर झटला. तिसऱ्या खेपेला शब्द निघाले. "साखरऽऽ... कमी टाक." चार महिने ती त्याला दोन चमचे साखर घालून देत होती, आपल्याला त्याचं सगळं समजतं म्हणून. ती आधी रडत होती, मग हसायला लागली, आणि तो कमी साखरेचा चहा मलाही प्यावा लागला कारण तिने गडबडीत सगळ्यांचाच तसा केला.

मग देवाजवळचा कागद खाली आला. सकाळी कागदावरचे व्यायाम, दुपारी ताराशी झटापट, संध्याकाळी आमच्याशी. लोकांसमोर अडखळायची त्याला लाज वाटे, डब्यासमोर वाटत नसे. डबा हसत नाही, कीव करत नाही, थकत नाही आणि खोटं "हो हो" म्हणत नाही. दिवाळीपर्यंत दहातले आठ हुकूम ती पहिल्या खेपेला ऐकू लागली. म्हणून कुणी मला विचारलं, भैय्यालाल, घ्यावा का असा डबा, तर मी सांगतो, बेधडक घ्या. पण त्याने माणूस बरा होतो असं समजू नका. बरा तो स्वतःच्या जिद्दीने झाला. डब्याने फक्त त्याला फुकट काही दिलं नाही.

भाऊबीज झाली. मंडईच्या दिवशी सकाळी ऑटो बाजारचौकात लावला. मागे ईश्वरदास, शेजारी वहिनी. केवळराम पेन ड्राइव्ह घेऊनच आला होता. ठरलं असं की पहिला पुकारा ईश्वरदास करेल, नाही जमलं तर पेन ड्राइव्ह. केवळरामने हे त्याच्या तोंडावर सांगितलं आणि ईश्वरदासने मान हलवली.

माईक चालू झाला. "आजऽऽ आपल्या गावाचीऽऽ मंडई आहे होऽऽ." आवाज पूर्वीचा नव्हता, पण शब्द सगळे कळले. कांदे निवडणारी बाई उभी राहून बघू लागली. "संध्याकाळीऽऽ शाळेच्या पटांगणातऽऽ..." आणि तो अडकला. पुढचं येईना. भोंगे नुसते गुणगुणत होते. मी आरशात बघितलं. ओठ हलत होते, शब्द नव्हता. केवळरामने मला बोटाने खूण केली, लाव. मी मागे वळलो. माईक माझ्या हाताच्या टप्प्यात होता आणि "दंडार आहे हो" हे तीन शब्द माझ्या जिभेवर उड्या मारत होते.

वहिनीने माझ्याकडे फक्त बघितलं. मी हात परत हँडलवर ठेवला. कांदेवाली थांबली होती, तराजू थांबला होता, सायकलवरचा माणूस पाय टेकून उभा होता. कुणीही त्याचं वाक्य पूर्ण केलं नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही.

"दंडार... आहे होऽऽ."

चौकात पुन्हा कांदे तोलले जाऊ लागले. मी हँडल धरून तसाच बसलो होतो. माईक चालूच होता, आणि त्या दोन भोंग्यांतून अख्ख्या बाजाराला ऐकू गेलं, "भैय्यालाल, ऑटो काऊन बंद करून बसला बे? चाल, अजून सात गावं रायली."

चौक हसला. आठ महिन्यांनी तो माझ्यावर रागावला होता, आणि मधला एकही शब्द मी भरला नव्हता. मी किक मारली.