भाऊंचा बिनचूक अर्ज

तालुकाप्रमुखानं भाऊंना फसवलं. सौदा मी जुळवून दिला होता, म्हणून त्याच दिवशी त्यानं मलाही फसवलं. हे आधीच लिहून टाकते, कारण भाऊंचा विषय निघाला की लोक "बिचारा साधा माणूस" म्हणतात आणि मोकळे होतात. साधा माणूस फसला की दोष साधेपणाच्या माथी जातो आणि फसवणारा हात धुऊन पुढच्या पंगतीला बसतो.

पक्षात भाऊंना सगळे डमीभाऊ म्हणत. ज्यांनी निवडणूक जवळून बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. मुख्य उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला तर पक्षाची जागा रिकामी राहू नये, म्हणून आणखी एका माणसाचा अर्ज भरून ठेवतात. तो डमी. मुख्याचा अर्ज मंजूर झाला की डमीनं घरी जायचं. भाऊ असे पाच वेळा घरी गेले. कधी जिल्हा परिषदेला, कधी पंचायत समितीला. उमेदवार दर वेळी नवा, डमी मात्र तोच. भाऊंचा अर्ज कधी चुकत नसे, हीच त्यांची लायकी आणि हाच त्यांचा शाप.

अर्ज भरणं हे भाऊंचं देवाचं काम होतं. शर्टाच्या आत, पोटाशी, खताच्या गोणीचं प्लास्टिक कापून शिवलेली एक पिशवी असे. तिच्यात जातीचा दाखला, पडताळणीचा कागद, शौचालय असल्याचा दाखला आणि गटाची, म्हणजे जिल्हा परिषदेच्या आमच्या मतदारसंघाची, अख्खी मतदारयादी. हल्ली अर्ज संगणकावर भरतात, तरी भाऊ आधी कोऱ्या कागदावर सगळे रकाने काढायचे, पेन्सिलीनं भरायचे आणि मोठ्यानं वाचून बघायचे. रकान्यात लिहायला काही नसलं तर तिथं "निरंक" असं लिहायचे, कोरा सोडायचे नाहीत. "कोरा रकाना म्हंजे उगडं दार," असं म्हणायचे. "कोन पन आत शिरल."

माझी खाणावळ बोईसरजवळ सरावलीला. नवऱ्याच्या नोकरीपायी मी खानदेशातून इथं आले. दहा डब्यांनी सुरुवात केली, आज कारखान्याच्या तिन्ही पाळ्यांची माणसं माझ्याकडे जेवतात. हे सगळं मी भांडून उभं केलंय. दातिवऱ्याची मासळीवाली माझ्या दारात टोपली उतरवते तेव्हा तिच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण कल्ला उचलून बघितल्याशिवाय आणि कालची की आजची, कुठल्या होडीची, हे विचारल्याशिवाय मी बोंबीलसुद्धा घेत नाही. भाऊ औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ऑपरेटर होते आणि माझ्या खाणावळीमागच्या खोलीत राहायचे. सुट्टीला आपल्या पाड्यावर जायचे.

ओळख झाली ती माझ्या चुकीमुळे. ग्रामपंचायतीत माझा रहिवासाचा अर्ज तीन वेळा परत आला होता आणि मी कारकुनाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत भाकऱ्या थापत होते. कोपऱ्यात भात खाणाऱ्या या माणसानं हात धुतला, कागद उजेडात धरला आणि म्हणाला, "बाय, कारकुनाला कवाधरनं शिव्या देता. तुमी तारीखच नाय टाकली." मी तोंडावर पदर धरला. चौथ्या वेळी दाखला मिळाला. त्या दिवशी मी जेवण फुकट म्हटलं तर म्हणाले, "नको. फुकट खाल्लं त उद्या तुमच्या भाजीत मीठ जास्ती झालं, ता सांगाचा कसा?" आणि सांगितलंही. मीठ नव्हे, तिखट. माझं खानदेशी तिखट त्यांना कधीच झेपलं नाही.

पक्षाचं काम म्हणजे भाऊंचे पाय. आमच्या गटातले निम्मे पाडे डोंगरात आहेत. पाऊस संपला की माणसं वीटभट्ट्यांवर जातात. कोणतं घर कोणत्या भट्टीवर गेलं, हे भाऊंना यादी न बघता ठाऊक. मतदानाला माणसं परत आणायची ती भाऊंनीच. उमेदवार गाडीतून हात हलवून जायचा. पाम, सरावली, मग डोंगराकडे थोडी धूळ, की झाला प्रचार. चिठ्ठ्या घरोघर जायच्या त्या भाऊंच्या चपलेनं. आणि त्या चपलासुद्धा ते पक्षकार्यालयाच्या दाराबाहेर काढून ठेवायचे. बाकीचे बूट घालून आत. मी एकदा विचारलं, "देऊळ आहे का ते?" तर म्हणाले, "तसा नाय. पन आपली म्हनलेली जागा हाय ना."

पक्षाच्या फलकावर खालच्या ओळीत त्यांचा फोटो असायचा, तिकिटाएवढा. शेवटी शेवटी तोही गळला. खाणावळीसमोर नवीन फलक लागला तेव्हा माझ्याकडचा एक कामगार ताट घेऊन बाहेर गेला, वरपासून खालपर्यंत बघून आला आणि म्हणाला, "डमीभाऊ, आप तो फोटो में भी डमी हो गए!" सगळे हसले. भाऊही हसले. "डमी नसला त खरा कोनाच्या जिवावर उभा राहल रे?" मला काही हसू आलं नाही.

माणसाला इतकं सोसायचं कारण काय? भाऊंना एक साकव हवा होता. साकव म्हणजे ओढ्यावरचा पायी जायचा लहान पूल. त्यांचा जांभूळपाडा आणि शाळा यांच्यामध्ये ओढा आहे. दोन ताडाचे ओंडके टाकलेले असतात, ते दर पावसाळ्यात वाहून जातात. मग गुरुजी पलीकडच्या काठावर छत्री घेऊन उभे राहतात आणि तिथूनच ओरडून हजेरी घेतात. मुलं अलीकडून "हजर" म्हणून ओरडतात. गुरुजी खूण करतात, मुलं घरी जातात. मी हे डोळ्यांनी बघितलंय. भाऊंची मुलगी अशीच चार वर्षं हजर राहिली आणि पाचवीला तिला धड वाचता येईना. ज्या माणसाच्या अर्जात वेलांटी चुकत नाही त्याची मुलगी. साकव जिल्हा परिषद बांधते. म्हणून भाऊंना जिल्हा परिषद हवी होती. बाकी काही नको होतं, ना लाल दिव्याची गाडी, ना नावाची पाटी.

निवडणुका बरीच वर्षं लांबल्या, प्रशासक बसले, आणि अखेर जाहीर झाल्या तेव्हा गट राखीव निघाला, भाऊंना चालणारा. या वेळी भाऊच, असं सगळे म्हणत होते. अर्जाच्या शेवटच्या दिवसाआधी तीन दिवस दुसऱ्या पक्षातून एक जण आला, गळ्यात नवा पट्टा पडला आणि उमेदवारी त्याला मिळाली. भाऊंना सांगितलं, डमी भरा.

मी तेव्हा पहिल्यांदा मध्ये पडले. म्हटलं, "डमी भरा, पण शेजारी अपक्षाचाही भरा. हातात काही नसलं तर कोण विचारतं?" भाऊ नको नको म्हणत होते. मी त्यांना जेवायला वाढेना, तेव्हा तयार झाले.

अर्ज द्यायच्या दिवशी मीही पालघरला सोबत गेले होते. बाकावर नवा उमेदवार भाऊंच्या शेजारी बसला होता, त्याचं शपथपत्र मांडीवर उघडं. भाऊंची नजर गेली. एक रकाना कोरा होता आणि एका पानावर सही नव्हती. मीही बघितलं. मी भाऊंच्या पायावर पाय दिला. असाच कागद आत गेला असता तर तो बहुधा लटकला असता आणि पक्षाचा उमेदवार म्हणून भाऊ उरले असते. भाऊंनी पाय काढून घेतला आणि त्याला म्हणाले, "दादा, इथं सही राह्यली. आन् इथं निरंक लिवा."

परतताना रिक्षात मी त्यांना सोडलं नाही. "अक्कल गहाण टाकलीत का? तोंड शिवून बसता येत नव्हतं का? उघडायला कोणी सांगितलं होतं?"

"बाय, चूक दिसली आन् गप रेलो, त ती माजी चूक झाली."

"आणि मुलीची शाळा?"

बोईसरला उतरताना भाऊ म्हणाले, "अपक्षाचा हाय ना अजून."

तो होता, म्हणूनच तालुकाप्रमुख माझ्या खाणावळीत आला. अर्ज मागे घ्यायच्या आदल्या दिवशी, दुपारी चारला, दोन पंगतींच्या मधल्या वेळी. डोंगरातले पाडे भाऊंच्या मागे गेले तर नवा उमेदवार पडतो, हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं.

"ताई, तुमच्या भाऊंना जरा समजवा."

"भाऊ तुमचे. माझ्याकडे फक्त जेवतात."

"पक्ष म्हणजे कुटुंब असतं, ताई."

"मग त्या कुटुंबात रोज यांनाच शिळं का वाढता?"

भाऊ खाली मान घालून बसले होते. तालुकाप्रमुखानं एका समितीवरची जागा देऊ केली. मी म्हटलं, नको. पुढच्या वेळची उमेदवारी देऊ केली. मी म्हटलं, "मी मासळी घेते, साहेब. पुढच्या वेळचा माल मला दाखवू नका." तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. दारापर्यंत जाऊन परत येणारा माणूस देणार असतो, हे मला बाजारानं शिकवलंय. मी म्हटलं, "साकव. आणि लेखी."

त्यानं पक्षाच्या कागदावर लिहिलं: आमचा उमेदवार निवडून आल्यावर गटातला पहिला साकव जांभूळपाड्याचा. सही केली, शिक्का मारला. मी जिंकले होते. इतक्या मोठ्या माणसाला मी माझ्या बाकड्यावर बसवून झुकवलं होतं.

भाऊंनी कागद घेतला. नेहमीसारखा मोठ्यानं वाचला. पुन्हा वाचला. मग खिशातली पेन्सिल काढली आणि म्हणाले, "बाय, यात जागा नाय लिवली."

मला वाटलं, झालं, आता हा माणूस ऊन सौदा थंड करणार. मी तालुकाप्रमुखादेखत ओरडले, "जांभूळपाड्याचा म्हणजे जांभूळपाड्यालाच ना! तुम्हाला प्रत्येक गोष्टीत रकाना कशाला लागतो हो?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. पेन्सिल खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी जाऊन अर्ज मागे घेतला.

उमेदवार निवडून आला. पाड्यांनीच निवडून दिला, कारण भाऊ घरोघर फिरले, भट्ट्यांवरून माणसं घेऊन आले. साकवही झाला. खरंच झाला, कबूल केल्याप्रमाणे गटातला पहिला. फक्त तो जांभूळपाड्यापासून बरंच खाली, त्याच ओढ्यावर, पण जिथं पलीकडे कोणाची वस्तीच नाही तिथं. पलीकडे आहे ती निवडून आलेल्याच्या मेहुण्यानं तारेचं कुंपण घालून विकायला काढलेली जमीन. साकवाच्या तोंडाशी संगमरवरी पाटी, तिच्यावर सोनेरी अक्षरांत "जांभूळपाडा साकव". दुसरा मागायला गेलो तर कचेरीत सांगतात, जांभूळपाड्याला साकव झालेला आहे, कागदावर बघा.

मी कागद घेऊन तालुकाप्रमुखाकडे गेले. त्यानं तो वाचला आणि परत दिला. "ताई, शब्द पाळला ना? पहिलाच दिला. यात जागा कुठं लिहिली आहे?"

भाऊंना मी स्वतः तिथं नेलं. ते साकवावरून पलीकडे गेले, तारेच्या कुंपणाला हात लावून परत आले. कठड्यावर हात फिरवला. "चांगला बांदलाय," म्हणाले. मला एक शब्द लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. भांडण मला झेपतं.

त्या दिवाळीत त्यांनी कारखाना सोडला आणि पाड्यावर गेले, भात आणि नाचणी करायला. खोली रिकामी करताना पोटाजवळची ती पिशवी काढून माझ्या गल्ल्यावर ठेवली. "आता मना नाय लागाची." मध्यंतरी पक्षाकडून निरोप गेला होता, पुढच्या निवडणुकीत डमी लागेल म्हणून. निरोप घेऊन गेलेल्या माणसानंच मला सांगितलं, भाऊ म्हणाले, "सायबांना सांग, आता माजा अर्ज चुकंल."

या पावसात ओंडके पुन्हा वाहून गेले. गुरुजी काठावर उभे राहतात.

माझी चूक मी लपवलेली नाही. पेन्सिल मी थांबवली, ती कोणी दुसऱ्यानं नव्हे. पण कोऱ्या रकान्यातून जो आत शिरला, त्यानं आता समोर यावं. मी येत्या ग्रामसभेला येते आहे. भाऊंच्या पिशवीतली मतदारयादी माझ्याकडे आहे आणि जांभूळपाड्याचं पान मी काढून ठेवलं आहे. मी एकेक नाव मोठ्यानं वाचणार. तालुकाप्रमुख, तुम्ही फक्त एवढंच सांगा: तुमच्या त्या साकवावरून यांच्यातलं कोण जातं? ज्या नावावर मी थांबायचं, ते नाव सांगा.