शेजारच्या शब्दावर लिहिलेलं

नंदकिशोर पिंपळखुटे यांनी दिग्रसच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये बावीस वर्षं प्रोग्रॅमिंग शिकवलं. बाजारात गेले की कोणी ना कोणी गाडी थांबवून "काय सर!" म्हणायचं, आणि ते त्यांना आवडायचं. फायलींचा धडा ते विशेष रंगून शिकवत. "वहीचं प्रत्येक पान सारख्या मापाचं असेल, तर चाळिसावं पान कुठे सुरू होतं ते गुणाकाराने कळतं," ते सांगत. "आधीची एकोणचाळीस चाळत बसायचं नाही. थेट तिथे उडी मारायची, तिथेच वाचायचं, तिथेच लिहायचं. पण आपल्या जागेबाहेर एक अक्षर जरी गेलं, तरी शेजाऱ्याचं पुसलं जातं. कॉम्प्युटर तुम्हाला थांबवत नाही." ही चूक करणाऱ्या मुलाचे ते परीक्षेत अर्धे गुण कापत.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी नेमसिंग आडे त्यांच्याकडे आले. नेमसिंग जवळच्या बंजारा तांड्यावरचे. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर नोकरी केलेले. त्यांच्याजवळ अकरा वह्या होत्या. आई, मावश्या, लग्नांत गाणाऱ्या म्हाताऱ्या, सगळ्यांकडून ऐकून वीस वर्षांत उतरवलेले गोरबोलीतले, म्हणजे बंजारा बोलीतले शब्द.

"सर, आमचे नातू आता घरीही मराठी-हिंदीच बोलतात," नेमसिंग म्हणाले. "म्हाताऱ्या गेल्या का शब्द गेले. हे कॉम्प्युटरात टाकता येईन काय?"

"येईल ना, नेमसिंगभाऊ! कोणताही शब्द मागा, लगेच समोर."

अशा कामाला तयार साधनं पुष्कळ होती. पण सरांना आपल्या हातचं हवं होतं. त्यांनी स्वतः प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक शब्दाला एक नोंद, प्रत्येक नोंदीला सारखी जागा. गावातल्या वाचनालयाने मागची खोली दिली आणि टायपिंगला मोनाली आली. ती आर्णीची, रोज बसने यायची. चार महिन्यांत तिने सव्वीसशे शब्द घातले. शब्दापुढे दोन-तीन शब्दांत अर्थ. याडी म्हणजे आई. बाटी म्हणजे भाकर. सगळं नीट दिसत होतं.

"आता वह्या कायले सांभाळता?" सर एकदा हसत म्हणाले. "सगळं इथे आहे." नेमसिंगना ते पटलं. घर रंगवायला काढलं तेव्हा त्यांनी सात वह्या सुनेला चुलीत घालायला दिल्या. चार माळ्यावर राहिल्या त्या केवळ हात पोचला नाही म्हणून.

मग दुसरी फेरी सुरू झाली. नेमसिंग मोनालीशेजारी बसून एकेका शब्दाचा अर्थ खुलवून सांगू लागले. कुठला शब्द कोणत्या सणाला येतो, कोण कोणाला कसं बोलतं. दोन शब्दांचा अर्थ पाच-सहा ओळींचा होऊ लागला.

आठवड्याभरात मोनाली सरांकडे आली. "सर, ही नोंद सेव्ह केली का पुढचा शब्द तुटून राह्यला."

"चुकीच्या जागी टाईप केलं असेल."

दोन दिवसांनी ती परत आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा खोलीत नेमसिंग होते, वाचनालयाचे दोन सभासद होते. सरांचा आवाज चढला. "बावीस वर्षं मी हेच शिकवलं. फायल आपोआप तुटत नाही. तुमचं लक्ष नसतं. तो मोबाईल बाजूला ठेवत जा."

मोबाईल तिच्या पिशवीत होता. ती त्या दिवसाचं काम पूर्ण करून गेली आणि दुसऱ्या दिवशी आली नाही. फोन केला तर म्हणाली, "दुसरं कोणी पाहा, सर."

दुसरं कोणी मिळेना, म्हणून सर स्वतः बसले. एका दुपारी त्यांनी एक लांब अर्थ टाईप केला, सेव्ह केला, पुढची नोंद उघडली. तिथे शब्द नव्हता. आत्ताच लिहिलेल्या वाक्याची शेपटी होती. त्यांना वाटलं, हात चुकला. त्यांनी पुढचा शब्द नेमसिंगच्या वहीच्या ज्या एकाच पानाचा जुना फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये होता, त्यावरून परत भरला, तीच नोंद पुन्हा जपून लिहिली. पुन्हा तेच झालं.

मग त्यांनी स्वतःचा प्रोग्रॅम उघडला. एका नोंदीला तीनशे बाइटची जागा होती, आणि जास्त मजकूर अडवायला त्यांनी तपासणीही लावली होती. पण ती अक्षरं मोजत होती, बाइट नाही. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं. देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन लागतात, काना-मात्रेला आणखी तीन. हे त्यांना ठाऊक होतं. फळ्यावर लिहून दाखवलेलं होतं. दोन शब्दांचा अर्थ जागेत मावत होता, म्हणून पहिल्या फेरीत काही दिसलं नाही. लांब अर्थ मात्र बाहेर सांडून शेजारच्या शब्दावर जाऊन पडत होते.

खोलीत कोणी नसताना त्यांनी उठून दार लावून घेतलं. पेन ड्राइव्हवर प्रत होती, पण रोज संध्याकाळी ते तिच्यावरच नवी प्रत घेत आले होते. त्यांनी मोजलं. एकशे चौऱ्याऐंशी शब्द गेले होते.

त्यानंतर त्यांनी जे केलं, त्याची लाज त्यांना मूळ चुकीपेक्षाही जास्त वाटते. त्यांनी दोन ओळी बदलून प्रोग्रॅम दुरुस्त केला आणि कोणाला सांगितलं नाही.

अडीच महिने गेले. त्यांनी बाजारात जाणं कमी केलं. बायको शीला विचारायची, "तब्येत बरी नाही का?" ते पोटाचं कारण सांगायचे. एका सकाळी नेमसिंग वाचनालयात आले. घागऱ्याच्या आरशांच्या काठाला त्यांची आई एक शब्द वापरायची. "तो काढा बरं, सर. नातीले दाखवतो म्हटलं."

सरांनी शोधला. नव्हता.

"लोकं म्हणतीन पोरीनं उडवला असंन," नेमसिंग हळूच म्हणाले. "पण मले खरं वाटत नाही, सर. पोरगी मन लावून करे."

सर पडद्याकडेच पाहत राहिले. तेव्हाही खरं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी आर्णीची बस धरली. मोनाली आता स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाईन अर्ज भरून देत होती. समोर गिऱ्हाईक होतं. सर अर्धा तास उभे राहिले.

"मोनाली, चूक माझ्या प्रोग्रॅमची होती. तुमची नव्हती."

तिने हातातला कागद खाली ठेवला. "म्या तुमाले तीनदा सांगितलं होतं, सर."

"हो."

"कधी समजलं तुमाले?"

त्यांनी खोटं बोलायचा विचार केला होता. "अडीच महिने झाले."

तिने कागद परत उचलला. मग म्हणाली, "इथं येऊन सांगता, इथं मले कोण ओळखते? सगळ्यायसमोर बोलले होते ना तुम्ही? नेमसिंगकाकांले सांगा. त्या वाचनालयवाल्यायले सांगा. काहून नाही सांगितलं अजून?"

तिने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

रविवारी ते वाचनालयाच्या दोन्ही सभासदांना सोबत घेऊन तांड्यावर गेले. नेमसिंगच्या ओट्यावर सात-आठ माणसं होती. सरांनी उभ्यानेच सांगितलं: चूक कोणाची, किती शब्द गेले, आपल्याला कधी कळलं, आणि मोनालीवर कसं ढकललं. वह्यांबद्दलचं आपलं वाक्यही त्यांनी सांगितलं.

नेमसिंग उठून घरात गेले. सरांना वाटलं, आता बाहेर येणार नाहीत. ते चार वह्या घेऊन आले आणि ओट्यावर ठेवल्या. सरांकडे न पाहता म्हणाले, "यातून जेवढे निघतीन तेवढे काढा. बाकीच्यायसाठी माह्या मावशीकडं जाऊ. नेरजवळ राह्यते. पण तुम्हीच लिहून घ्याल. हातानं. वहीत."

"हो."

सर पाच महिने जात राहिले. मावशी ऐंशीच्या पुढची. कधी एका बैठकीत चार शब्द आठवायची, कधी एकही नाही. एकशे एकोणतीस परत आले. पंचावन्न आले नाहीत. आरशांच्या काठाचा शब्द त्या पंचावन्नांत आहे.

यंदा कोश छापला गेला. मोनाली परत कामाला आली नाही, पण पहिल्या पानावर तिचं नाव आहे. सरांनी आपलं नाव काढायला सांगितलं होतं. नेमसिंग म्हणाले, "राहू द्या. बनवलं कोणी अन् मोडलं कोणी, दोन्ही लोकायले समजलं पाह्यजे." म्हणून तेही आहे, आणि खाली झाल्या चुकीबद्दल सरांनीच लिहिलेल्या चार ओळी आहेत. त्या पानाशी सर अजूनही थांबत नाहीत. कोणी पुस्तक हातात दिलं, तर थेट मधूनच उघडतात.