फिरत्या घरातला धोंड्याचा जावई

माझ्या सासरच्या लोकांनी एका जिवंत माणसाचा सामान म्हणून उपयोग केलेला आहे, आणि तो माणूस मी आहे.

त्याचं असं झालं. माझं सासर कळंबजवळ. सासरे, म्हणजे मामाजी, कमरेच्या ऑपरेशननंतर पाठीवर पडून होते. जीपमध्ये बसणं डॉक्टरांनी बंद केलेलं. आणि मामाजींचा ध्यास एकच : उमरखेडच्या मोठ्या बहिणीला एकदा डोळे भरून पाहायचं. "फोनवर तं तिचं नाकच दिसते फकस्त," ते म्हणायचे. "बाकीची आक्का कुठी गेली?"

माझा साळा गजू वेल्डिंगवाला. त्यानं कापसाच्या जुन्या ट्रॉलीवर पत्र्याची खोली उभी केली. आत पुढच्या बाजूला पलंग, मग कूलर, खिडक्या, खिडक्यांना पडदे, आणि मागे दार. हे फिरतं घर जीपला जोडायचं आणि मामाजींना झोपल्या झोपल्या उमरखेडला न्यायचं! सासूबाईंनी, म्हणजे मामीजींनी, निकाल आधीच देऊन ठेवला : "अर्ध्या रस्त्यातून वापस आले नं, तं याच्यात बकऱ्या बांधीन!" मामाजींनी पलंगाची दांडी घट्ट धरली.

महिना अधिकाचा, म्हणजे धोंड्याचा. या महिन्यात जावई साक्षात नारायण! अनारसे आणि पुरणपोळ्या खाऊन हा नारायण इतका भरला होता, की शर्टाच्या गुंड्यांनी एकेक करून संन्यास घेतला. नारायणाला मानाची जागा हवी, म्हणून मागच्या दाराजवळ, वाऱ्याला, डबल गादी टाकली. मी बसलो. बहिणीकडे रिकाम्या हातानं जात नाहीत, म्हणून तुरीची पोती, ज्वारीची पोती, तेलाचे पिपे दारातून आत आले आणि आले तिथेच राहिले : माझ्या शेजारी.

यवतमाळ मागे पडलं, गजूनं जीप पळवली, आणि घराचं शेपूट हलायला लागलं. आधी थोडं. मग असं, की एकदा डाव्या खिडकीतून नाला दिसायचा आणि एकदा उजव्या खिडकीतून समोरच्या ट्रकवाल्याचे दात. (एक सोन्याचा होता. शपथ!)

जीपमधून माझी बायको रेखा किंचाळली, "गज्या, थांबव! बाबाचं घर नागिनीवानी डोलून राह्यलं!"

गजूनं घाबरून ब्रेक दाबला नाही, हे आमचं नशीब. पाय उचलला, वेग मरू दिला आणि मग कडेला घेतलं.

"चाकात हवा कमी असन," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"छे! शेपूट हलकं पडतंय," मी गादीवरूनच जाहीर केलं. "अजून वजन टाका मागे, म्हणजे दबून राहील. मी व्हिडिओ पाहिलेत!"

गजूनं तोंड उघडलं. मामीजींनी डोळे वटारले. त्यानं तोंड मिटलं आणि स्टेपनी नि पाण्याचा ड्रम आणून माझ्या शेजारी ठेवला.

आता ट्रॉलीचं नाक वर, जीपचं बूड वर! आम्ही निघालो ते मोहाची प्यालेल्या हत्तीसारखे. अनारशांचा डबा फुटला. ड्रम माझ्या मांडीवर रिकामा झाला. एका चहावाल्यानं आम्हाला येताना पाहिलं आणि चुलीसकट टपरी उचलून कपाशीत नेली!

परत थांबलो. गजूनं घाम पुसला. "नाई जमत, बाबा. वापस जाऊ."

मामाजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "म्हणजे आता आक्काचं नाकच पाहाव लागन."

मग भिंतीकडूनच आवाज आला, "सांगू काय?"

"नोका सांगू!" मामीजी ओरडल्या. "धोंड्याचा जवाई हाय. त्याले जाग्यावरून उठवाचं नसते!"

मामाजी वळले. हात जोडले. "जवाईबुवा, राग मानू नोका. आता देव हलवल्याबिगर देऊळ चालत नाई. गाडी उलार झाली."

उलार म्हणजे मागे वजन जास्त होऊन पुढचं उचललेलं. बैलबंडीवर वाढलेल्या या घरात हे मांजरालाही कळतं! म्हणजे पहिल्या हेलकाव्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं!

"मंग बोलले काहून नाई?" (रागात मीही वऱ्हाडीवर येतो.)

"कसं बोलाचं?" मामीजी रडकुंडीला आल्या. "नारायणाले, तुमी जड झाले, असं म्हणाव काय?"

मग सगळा संसार हलला. पोती चाकांच्या थोडी पुढे, दोन्ही बाजूंना सारखी. स्टेपनी जीपमध्ये. आणि नारायण थेट मामाजींच्या पायाशी, गादीविना. गजूनंही वेग आवरला. गाडी अशी चालली, की मामाजी घोरायला लागले. त्या घोरण्याइतकं गोड भजन मी ऐकलेलं नाही.

उमरखेडला आक्का काठी टेकत स्वतः घरात चढली आणि भावाच्या उशाशी बसली. दोघं कितीतरी वेळ नुसते बघत राहिले.

"अख्खी दिसली बाप्पा!" मामाजी म्हणाले.

तेव्हापासून हे घर गावोगाव फिरतं. दरवेळी मामीजींचा फोन : "जवाईबुवा, तुमच्याबिगर घर हालत नाई!" मी छाती फुगवून जायचो. मागच्या खेपेला मला जमलं नाही. घर तरीही गेलं.

"माझ्या जागी कोण बसलं?" मी रेखाला विचारलं.

"तुरीचे दोन पोते," ती म्हणाली. "आई म्हणे, हे बरे हायेत. अनारसे मांगत नाई, आन् व्हिडिओ पाहून अक्कल बी शिकवत नाई."