आईच्या रक्तातला चहा

आई दोन शब्द बोलायची आणि थांबायची. "पोरी... खिडकी..." मग खांदे वर उचलून श्वास ओढायची, आणि उरलेलं बोलायची, "...उघड की." मिरजेच्या दवाखान्यात ती उशांना टेकून बसूनच असायची. आडवं झालं की तिचा जीव गुदमरायचा. दमा तसा जुनाच. साताऱ्याकडच्या आमच्या गावात गुऱ्हाळं पेटली की दरसाल तिची छाती भरायची. पण त्या वर्षी कशालाच दाद देईना, म्हणून मी तिला माझ्याकडे सांगलीला आणली, आणि आठवडा उलटायच्या आत दवाखान्यात भरती करावी लागली. सोबतीला तिची धाकटी बहीण, माझी मावशी, गावाहून आली होती.

मी तेव्हा सांगलीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या प्रयोगशाळेत नुकतंच एक यंत्र आलं होतं. त्याचं कौतुक इतकं, की नव्या सुनेचं काय होईल! काम समजायला मात्र सोपं. बारीक पावडर ठासून भरलेली पोलादी नळी. तिच्यातून पंप द्रावण ढकलत राहतो. त्यात नमुना सोडला की त्यातली द्रव्यं वेगवेगळी होऊन एकामागून एक बाहेर पडतात. तिथं डिटेक्टर बसलेला. एका बाजूला अतिनील दिवा, मधे काचेची एवढीशी पोकळी. येणाऱ्या द्रव्यानं प्रकाश अडवला की शेजारच्या कागदावर पेन वर चढतं, डोंगर काढतं आणि खाली येतं. डोंगर जेवढा मोठा, तेवढं द्रव्य जास्त. पण डिटेक्टरला नावं कळत नाहीत. कुणीतरी आत्ता इथून गेलं, एवढंच तो सांगतो. कोण गेलं, ते आपण वेळेवरून ओळखायचं.

आईला श्वास मोकळा करणारं औषध शिरेतून चालू होतं. ते कमी पडलं तर दमा हटत नाही, आणि जास्त झालं तर काळीज बेफाम धावतं, झटके येतात, माणूस हातचा जातो. आईची नाडी भयंकर पळत होती. ती दम्यानं पळतेय की औषधानं, हे डॉक्टरांना कळेना. ते परदेशात शिकून आलेले. आमच्या यंत्राबद्दल त्यांनी ऐकलं होतं. म्हणाले, "रक्तात औषध किती आहे तेवढं काढून द्या. मग मला ठरवता येईल."

सकाळी रक्त घेतलं आणि बर्फात घालून मीच बसनं सांगलीला आणलं. आमच्या विभागप्रमुख सरांनी बाटली माझ्या हातातून काढूनच घेतली. "घरच्या माणसाचं रक्त तुम्ही नाही तपासायचं, बाई. हात थरथरतो." मला राग आला, पण बाटली मी परत मागितली नाही. मी मागे उभी राहिले. पेन वर चढायला लागलं. चढतंय, चढतंय, थांबायचं नावच नाही! सरांनी मोजपट्टी लावली, औषधाच्या ठरलेल्या वेळेशी ताडून बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "फार आहे हो."

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी औषध तिथल्या तिथे बंद केलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला न जाता मी दवाखाना गाठला. आई आणखी खचली होती. ओठ काळेनिळे, मानेच्या शिरा ताणलेल्या. आता तर दोन शब्दही निघत नव्हते. डॉक्टर म्हणाले, "रक्तातलं औषध उतरेपर्यंत थांबायलाच हवं."  औषध इतकं जास्त आहे, तर छाती तसूभरही मोकळी का होत नाही? हे मी कुणाला विचारणार? शेजारी मावशी किटलीतून पेल्यात चहा ओतत होती. फुंकर मारून मारून तिनं तो आईच्या ओठांना लावला.

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. "मावशी, काल रक्त काढायच्या आधी हिला काही दिलं होतंस का?"

"न्हाई गं बाई! नर्सबाईनं बजावलं हुतं, काय सुदीक द्याचं न्हाई म्हून."

"चहा?"

"च्या व्हय? त्यो दिला की. पाटंपास्नं घोट घोट. तेवढाच तिला जरा बरा वाटतुया."

मी कपाळावर हात मारला. मावशी काही खोटं बोलली नव्हती. आमच्याकडे चहाची गणती खाण्यापिण्यात नाहीच मुळी! कडक उपासाला तो चालतो, आणि "काही घेतलं का?" म्हणून विचारलं तर त्या उत्तरात चहा कधी येतच नाही. आणि चहातलं तरतरी आणणारं द्रव्य म्हणजे आईच्या औषधाचा सख्खा चुलत भाऊ. दोघंही त्या दिव्याचा प्रकाश अडवणार, आणि आमच्या आखूड नळीतून दोघं जवळजवळ हातात हात घालून बाहेर पडणार.

मी धावतच बस पकडली. सगळा रस्ता जीव टांगणीला लागलेला. सर ऐकेनात. "डिटेक्टर चुकत नाही, बाई!" मीही ओरडलेच, "चुकला असं कुठं म्हणतेय मी? त्यानं डोंगर दाखवला. तो एकट्या औषधाचा, हे आपण ठरवलं!"  सरांनी मग कालचं उरलेलं रक्त फ्रिजमधून काढलं.

द्रावणात पाणी वाढवलं, म्हणजे द्रव्यं सावकाश सुटतील आणि लांब लांब होतील. तेवढ्यात पंखा थांबला. वीज गेली! मला रडू फुटायचंच बाकी होतं. वीज आली तरी दिवा तापून स्थिर होईपर्यंत पेन वेड्यासारखं भरकटत राहणार. तिकडे आई श्वासासाठी झगडतेय आणि इकडे मी एका दिव्याचं तोंड बघत बसलेय. त्या दिव्याला मी तोंडभर शिव्या दिल्या, आणि सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

अखेर पेनाची रेघ सरळ झाली. नमुना सोडला. पेन हललं, जरासं चढलं आणि खाली आलं. टेकडीएवढंच. मग काही वेळ सपाट. आणि मग चढलं ते चढतच गेलं! सरांनी कँटीनचा चहा मागवला, गाळून पातळ केला आणि त्याचा थेंब यंत्रात सोडला. त्याचा डोंगर बरोबर त्या दुसऱ्या जागी उभा राहिला. मोठा डोंगर चहाचा होता. औषध फक्त ती पहिली टेकडी. जास्त कुठलं, लागतं त्याच्या निम्मंही नव्हतं. सरांनी स्वतः फोन उचलला. "डॉक्टर, जास्त दिसला तो चहा होता. औषध चालू करा. वाढवून. ताबडतोब."

मी परत मिरजेला पोचले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. शिरेतून औषध चालू झालं होतं. आई डोळे मिटून टेकली होती, आणि खांद्यांची ती भयंकर उचल थांबली होती. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. मावशी मात्र पलंगापाशी खाली बसून होती, किटली पालथी घातलेली. नर्सनं तिला चांगलंच फैलावर घेतलं होतं.

"माज्या च्यानं झालं व्हय गं समदं?" तिनं मला विचारलं. "म्याच मारीत हुते व्हय माज्या भनीला?"

मी तिच्याजवळ टेकले. मनात आलं ते सांगितलं, आणि ते खरंच होतं. चहातलं ते द्रव्यही छाती थोडी सैल करतं, औषधाइतकं नाही, पण करतं. "मावशी, डॉक्टरांनी औषध बंद केलं तेव्हा तिच्या अंगात आधाराला तुझा चहा तेवढा होता. तू घोट घोट पाजत राहिलीस म्हणून तिनं तग धरला."

मावशी पदर तोंडात कोंबून रडायला लागली. तेवढ्यात वरून आवाज आला. आईचे डोळे मिटलेलेच होते, पण मधे एकदाही न थांबता, एका श्वासात ती म्हणाली, "आता रडत काय बसलीयास, ऊठ आन् च्या आन की मला."