पुराच्या वाटेतली झाडं

आमच्या ऑफिसात दोनच गोष्टी साठत गेल्या, फायली आणि किस्से. फायली एका पावसाळ्यात भिजून त्यांचा लगदा झाला. किस्से तेवढे टिकले, कारण ते हिंदुराव मुकादमाच्या डोक्यात होते आणि ते डोकं कुठल्याच पुरात बुडण्यातलं नव्हतं. आजही चारजण चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "ते म्हशीचं सांगा की." मग एकातून दुसरा निघतो आणि चहा गार होतो.

मी पेठ वडगावचा. नव्वदीच्या सुरुवातीला झाडं लावायच्या सरकारी खात्यात फॉरेस्टर म्हणून लागलो. पहिलीच नेमणूक शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका गावात. काम असं, की नदीच्या काठानं पन्नास-साठ पावलं रुंदीचा झाडांचा पट्टा उभा करायचा. करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज, बांबू. पूर पट्ट्यात शिरला की त्याचा जोर मोडतो, मुळं काठाची माती धरतात, पाणी जमिनीत मुरतं. कागदावर फार सोपं होतं. काठावर मात्र ऊस उभा होता, अगदी नदीत पाय सोडून बसल्यासारखा.

आमचे देशकर साहेब विदर्भातले, मन लावून काम करणारे. त्यांनी देवळात गाव गोळा केलं आणि तासभर समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, "थोडक्यात, ही झाडं पाणी धरून ठेवतील."

पुढच्या रांगेतून रुद्राप्पा आण्णा उठले. काठावरची सगळ्यात मोठी जमीन त्यांची. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. म्हणाले, "साहेब, पानी न्यायचं काय तर सांगा. धरून ठेवायला आमच्याकडं आधीच लई हाय."

साहेब डगमगले नाहीत. म्हणाले, "पूर थांबणार नाही, आण्णा. पण हळू येईल."

"आनि जाताना?"

"जातानाही हळूच जाईल."

आण्णा खाली बसत म्हणाले, "म्हंजे पावण्यासारखंच की. मग झाडं कशाला? आमची सासुरवाडी हाय तेवढी बास हाय."

सभा तिथंच संपली.

*

तरी गायरानाच्या पडीक काठावर आम्ही सुरुवात केली. वाळुंजाचं एक बरं असतं, रोप लागत नाही. हातभर काठी ओल्या मातीत खोचली की फुटते. हिंदुरावांनी बायका लावून सगळ्या काठावर काठ्या खोचल्या. आठ दिवसांनी जाऊन बघतो तर काठ मोकळा. एक काठी म्हणून शिल्लक नाही.

चौकशी केली तर कुणी काही बोलेना. दोन महिन्यांनी साहेब पाहणीला आले. त्यांना काय दाखवावं या विचारानं मला घाम फुटलेला. गावातून जीप जाताना साहेबांनी अचानक गाडी थांबवायला सांगितली. एका परसात दोडक्याचा मांडव होता आणि मांडवाच्या चारी खांबांना कोवळी पालवी फुटली होती. पुढच्या घरी घेवड्याचा मांडव, तोही हिरवागार. एका घरी तर धुणं वाळत घालायची काठीच फुटली होती आणि तिच्या पानांआड सदरा दिसत नव्हता.

साहेब उतरले, घरोघरी फिरले, एकेका खांबाला हात लावून बघितला. मग जीपमध्ये बसून त्यांनी पाहणीच्या वहीत लिहिलं, "रोपे जगण्याचे प्रमाण उत्तम. ठिकाण चुकले आहे."

हिंदुराव त्याच संध्याकाळी गावात फिरले. ओरडले नाहीत, धमकी दिली नाही. प्रत्येक घरी एवढंच म्हणाले, "काकू, तुमच्या मांडवाला हात लावत न्हाय. फकस्त फांद्या द्या." एका वाळुंजाच्या चार फांद्या निघाल्या. गेल्या होत्या त्याच्या चौपट काठ्या काठावर परत आल्या, आणि या वेळी कुणी नेल्या नाहीत. प्रत्येकाच्या परसात होत्याच.

*

पालवी फुटली तशी म्हशींना बातमी लागली. काटेरी कुंपण घातलं, म्हशींनी त्यावर पाठ खाजवली. शेवटी हिंदुरावांनी जुना उपाय काढला. शेणाचा काला करायचा आणि रोपांना वरपासून खालपर्यंत फासायचा. जनावर वास घेतं आणि तोंड फिरवतं. उपाय चालला.

त्याच आठवड्यात वरचे एक अधिकारी आले. पांढराशुभ्र सफारी, काळा चष्मा, सोबत फोटोग्राफर. काठावरचं ते हिरवं बघून खूश झाले. म्हणाले, "एक फोटो होऊ द्या," आणि आम्ही काही बोलायच्या आत छातीएवढ्या करंजाला कवेत घेऊन उभे राहिले.

फोटो निघाला. अधिकाऱ्यांनी झाड सोडलं आणि मग खाली बघितलं. कोपरापासून पोटापर्यंत काला. देशकर साहेब आभाळाकडं बघायला लागले. मी बुटाची नाडी सोडून परत बांधली.

हिंदुराव मात्र जवळ गेले आणि शांतपणे म्हणाले, "काळजी करू नगा साहेब. आता तुमास्नी बी म्हस खाणार न्हाय."

*

मग एका पावसाळ्यात पाणी जरा जास्त आलं आणि नवीन लावलेला एक तुकडाच्या तुकडा धुऊन नेला. मी अहवाल पाठवला, "रोपे वाहून गेली." वरून छापील फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, 'रोपांचे सध्याचे ठिकाण'. रिकामा सोडावा तर फॉर्म परत येतो. मी विचार केला, कृष्णा इथून कुठं जाते? खरं ते लिहिलं, "कर्नाटक राज्य."

पंधरा दिवसांत पत्र आलं. "सदर रोपे परराज्यात नेण्यासाठी घेतलेल्या वाहतूक परवान्याची प्रत तातडीने सादर करावी."

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. मग मला म्हणाले, "उत्तर द्या, की वाहतूक नदीने केली असून तिचा खुलासा मागवला आहे." दिलंही तसंच. त्यावर आजवर काही आलेलं नाही.

*

या सगळ्यात पट्ट्याला मधोमध खिंडार होतं, रुद्राप्पा आण्णांच्या उसाचं. तिथं काठालगत दोन सऱ्यांपुरती तरी झाडं नसली तर पाणी तिथूनच घुसणार, हे आम्हाला दिसत होतं. चार वर्षं आम्ही त्यांच्या सोप्यात चहा पीत होतो आणि आण्णा चार वर्षं "बघू की" म्हणत होते. पाचव्या वर्षी आम्ही असेच बसलो असताना त्यांच्या बायकोनं, गौराक्कांनी, आतून विचारलं, "मी लगीन करून आलो तवा नदीकडच्या रानात उसाच्या सऱ्या किती हुत्या?"

"बावीस," आण्णा म्हणाले.

"आता?"

अक्का बाहेर येऊन उभ्या राहिल्या. "सतरा. मी काल मोजून आलोय. पाच सऱ्या कुटं गेल्या?"

"नदीनं नेल्या. काठ ढासळला, मी काय करू?"

"नदीनं न मागता नेल्या तर गप बसलासा. ही मान्सं चार वर्सं दारात येऊन दोन सऱ्या मागत्यात, तर तुमच्या जीवावर आलं व्हय?"

आण्णा कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले. अक्कांनी त्याहून मोठ्यानं कन्नडमध्येच उत्तर दिलं. ते आम्हाला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी आण्णा स्वतः कुदळ घेऊन काठावर हजर होते. पहिला खड्डा त्यांनीच काढला. घरी जाताना हिंदुरावांना म्हणाले, "झाडं नीट लावा. न्हाय जगली तर मला घरात घेनार न्हाय ती."

*

आणि मग तो मोठा पूर आला, दोन हजार पाचचा. तोवर करंज घरापेक्षा उंच झाले होते. गाव शाळेच्या उंचवट्यावर हलवलं, आम्हा सगळ्यांची ड्युटी लागली. आण्णा आणि अक्का तेवढे घर सोडेनात. तिसऱ्या दिवशी सकाळी मी, हिंदुराव आणि सदू नावाडी होडी घेऊन गेलो आणि दोघांना माडीच्या खिडकीतून उतरवून घेतलं. अक्कांनी एक गठुळं आणि घरातलं मांजर घेतलं.

परत येताना इंजिन बंद पडलं. सदूनं दोरी ओढ ओढ ओढली. होडी फिरली आणि धारेला लागली. पुढं नुसती नदी, तांबडी, फेसाळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आण्णांनी अक्कांचा हात धरला होता, ते मी पहिल्यांदाच बघितलं. आणि तेवढ्यात होडी कशावर तरी आपटली, तिरकी झाली, करकरली आणि थांबली.

आम्ही करंजाच्या शेंड्यांत अडकलो होतो. खाली आमचाच पट्टा होता. तिथं धार मंदावली होती, पाणी पानांमधून फिरत होतं. प्रत्येकानं एकेक फांदी पकडली आणि मग आजूबाजूला बघितलं. त्याच फांद्यांवर मुंग्यांचे गोळे, एक भिजलेली कोंबडी, आणि आण्णांच्या खांद्याच्या वर दोन दिवडी, पाण्यातले ते बिनविषारी साप, वेटोळं करून बसलेल्या. आण्णांनी मान वळवून बघितलं, साप त्यांच्याकडं बघत होते. "बसू द्या," अक्का म्हणाल्या, "त्यांचं बी घर बुडालंय."

दुपारपर्यंत आम्ही तसेच होतो. अक्कांनी गठुळं सोडलं. त्यात भाकरी आणि लसणाची चटणी होती. सगळ्यांना वाटली, मांजराला तुकडा दिला, कोंबडीपुढं चुरा टाकला. दिवडींकडं बघून जरा थांबल्या आणि मग गठुळं बांधलं.

चारच्या सुमाराला बचावाची मोठी बोट आली. पुढं उभा असलेला जवान लांबूनच हाक देऊन विचारायला लागला, "कितीजण हाईसा?"

हिंदुरावांनी फांदी न सोडता चौफेर नजर फिरवली, बोटांवर मोजलं आणि ओरडून सांगितलं, "मान्सं पाच, मांजर एक, कोंबडी एक. दिवडी दोन हैत, पन त्यांचं म्हननं हाय, आमी हितंच बऱ्या हाय."