साहेबांच्या फोटोसाठी सरकवलेली नदी

पोर तापानं फणफणलेलं, म्हणून दवाखान्यातून निघून जीप येईपर्यंत फ्लेक्सवाल्याच्या दुकानात पंख्याखाली बसले. जीव सगळा नदीत अडकलेला. आमची वाडी पलीकडं, पाणी चढलं की होडी बंद, मग हे पोर घेऊन मी जाऊ कुठं?

समोर कॉम्प्युटरवर आख्ख्या राज्याचा नकाशा. फ्लेक्सवाला एकेक जिल्हा ब्लाऊजपीससारखा उचलायचा, रंग बदलायचा, परत ठेवायचा. आमचा तालुका मोठा केला तर आमची नदी दिसली, केवढं बरं वाटलं! तेवढ्यात त्यानं ती धरून सर्रकन बाजूला ओढली.

"अहो दादा, नदी कुठं नेली?"

"साहेबांच्या फोटोला जागा नको का, ताई? वाढदिवसाचा बॅनर आहे."

"आमची वाडी अलीकडं आली की!"

"मग पेढे वाटा." हसला मेला.

डोकंच फिरलं माझं. सासऱ्यांनी पूल मागितला, आता नवरा मागतोय, तर म्हणे नदी लई रुंद. आणि साहेबांच्या गालासाठी तीच नदी एका बोटानं सरकती! वर बसलेल्यांना आम्ही असेच दिसत असणार, रंगीत तुकडे, पाणी नसलेले.

"सरकवलीच आहे तर एक पूल पण काढा."

"बारीक दिसतो, ताई. छापून येत नाही."

जीपचा हॉर्न वाजला. पोराला छातीशी धरून पळाले.

नदी होती तिथंच होती, आणि चढलेली. होडी पलीकडच्या काठाला बांधलेली.